मय्योक्का डावीकडे, चहा उजवीकडे

माझी सून नीलकांती ही आमच्या मीगहकुंबुर गावची सरकारी सुईण. गावात तिला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे ‘मिसी’ म्हणतात. ज्या घरात बाळ होणार आहे, झालं आहे किंवा रांगतं आहे, त्या घरी तिची लाल स्कूटर जाते, आणि असं एकही घर नाही अशी गल्ली आमच्या गावात सापडायची नाही. अठरा वर्षं ती हेच करते आहे. कुठल्या बाळाचं वजन गेल्या महिन्यात किती भरलं होतं, ते ती वही न उघडता सांगते. स्वतःच्या स्कूटरची किल्ली कुठे आहे, ते मात्र तिला अठरा वर्षांत एकदाही सांगता आलेलं नाही.

घर सगळं असंच आहे. माझा मुलगा सेनक शाळेची व्हॅन चालवतो. एकदा सकाळी गावातली बावीस पोरं गोळा करून तो शाळेच्या फाटकाशी पोचला, तेव्हा बाईंनी विचारलं, तुमची सनुमी कुठाय? सनुमी, माझी धाकटी नात, आमच्या पायरीवर दप्तर लावून बसली होती. घरात सगळ्यांना वाटत होतं की ती गेली, आणि तिला वाटत होतं की अजून कुणी निघालंच नाही. थोरली नात दिनुली सोळा वर्षांची. ती एके दिवशी आईचीच पिशवी उचलून शाळेत गेली. गणिताच्या तासाला कंपास काढायला म्हणून तिने हात घातला, तर बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं हाती आलं. वर्गाने ते फुंकून पाहिलं म्हणतात. तिकडे नीलकांतीने एका गरोदर पोरीच्या घरी पिशवी उघडली, तर आत भूगोलाची वही आणि अर्धी नारळाची रोटी. त्या पोरीच्या सासूने पिशवीत डोकावून विचारलं, मिसी, आतापासूनच अभ्यास सुरू करायचा का याचा?

माझी बायको पोडिमेणिके यात मागे नाही. बाळांचं वजन करायचा काटा तिने परसातल्या फणसाला टांगला आणि शेजारणीला द्यायचा फणस त्यावर तोलला. दुसऱ्या दिवशी ज्या बाळाला त्या झोळीत बसवलं, त्याचं दुपटं झोळीलाच चिकटून बसलं.

माझं स्वतःचं काय सांगू? माझ्यावर कुणी काम सोपवलं की मी ते करतो, पण मला गोष्ट सांगत सांगत करायची सवय आहे. गोष्ट संपते तेव्हा कधी काम झालेलं असतं, कधी टाकी वाहून अंगण तळं झालेलं असतं.

नीलकांती या घरात आली तीही घाईतच. तेवीस वर्षांची असताना तिची इथे नेमणूक झाली. दुसऱ्याच आठवड्यात वरच्या वाडीतून बोलावणं आलं. तेव्हा स्कूटर नव्हती, सेनककडे जुनी रिक्षा होती. तो तिला घेऊन निघाला. रस्ताभर ती त्याला बोलली: एवढं जोरात नको, मला तिथे जिवंत पोचायचंय. त्याने वेग कमी केला, तर म्हणाली, बाळ तुमच्यासाठी थांबणार आहे का? परत येऊन सेनक पोडिमेणिकेला म्हणाला, आई, आज एका बाईने मला दोन तास शिव्या दिल्या. पोडिमेणिके म्हणाली, मग एवढा हसतोस कशाला? सहा महिन्यांनी लग्न झालं.

आता वेसकची गोष्ट सांगतो.

वेसकच्या पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, आमच्याकडे दन्सल घालतात. रस्त्याच्या कडेला मांडव टाकायचा, भात म्हणा, चहा म्हणा, जे जमेल ते रांधायचं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हात धरून खाली उतरवून खाऊ घालायचं. बस असो, मोटार असो, सायकल असो, झेंडा आडवा केला की थांबावंच लागतं. कुणी कुणाला नाव विचारत नाही.

नीलकांतीला आमच्या तिठ्यावर मय्योक्काचं दन्सल घालायचं होतं. मय्योक्का म्हणजे साबुदाण्याचा तो लांब कंद. हळद-मीठ घालून उकडला आणि वर खोबऱ्याचा लाल चटका दिला की राजालाही खाली मांडी घालून बसवेल. पण तिला तिठा हाच हवा होता, आणि मय्योक्काच हवा होता. ती दहा वर्षांची असताना तिची आई रबराच्या मळ्यावर चीक गोळा करायची. आईचा हात सुजला म्हणून मायलेकी इस्पितळात गेल्या. परतीच्या बसला पैसे नव्हते म्हणून चालत निघाल्या. दिवस वेसकचा होता. आमच्या या तिठ्यावर कुणी तरी त्यांना थांबवलं आणि कमळाच्या पानावर मय्योक्का वाढला. नीलकांती सांगते, ‘आईला पोटभर खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एरवी ती जेवते कधी, तेच मला ठाऊक नव्हतं.’ वाढणारं कोण होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून उलट वाढायचं तर कुणाला, हाही प्रश्न नव्हता. जो येईल त्याला.

हे सोपं वाटतं. पण आमच्या घरात सोपं काही नसतं. पहिल्या वर्षी चूल पेटवायला आणि खालच्या वाडीतून बाळंतपणाचा निरोप यायला एकच गाठ पडली. ती गेली, आणि तिच्यावाचून आम्ही पाच जणांनी मिळून जे शिजवलं ते कुत्र्यानेही हुंगून सोडलं. दुसऱ्या वर्षी सेनकने हौसेने व्हॅन भरून मय्योक्का आणला. सोलला तर आतून निळ्या रेघा. जुना माल. असला खायचा नसतो, सगळा खड्डा करून पुरला. दोन्ही वर्षी तिठ्यावर आमचा मांडव उभा होता आणि मांडवात काही नव्हतं.

तिठ्याची जागा विहारातले हामुदुरुवो, म्हणजे आमचे भन्तेजी, ठरवून देतात. यंदा त्यांनी नीलकांतीला बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं, की बाई, जागा मोक्याची आहे, मागणारे पुष्कळ आहेत. यंदाही राहिलं तर पुढच्या वर्षीपासून लाकडाच्या वखारवाल्यांना देईन. तुझ्यामागे कामं फार, मला कळतं. ते ‘मला कळतं’ म्हणाले ना, तेच तिला लागलं. घरी येऊन तिने लसीकरणाच्या तक्त्याच्या पाठीमागे पाच जणांची कामं लिहिली आणि तो तक्ता दारालाच ठोकला, म्हणजे बाहेर पडताना कपाळाला लागेल.

मय्योक्का या खेपेला तिने विकत आणूच दिला नाही. गावातल्या ज्या ज्या घरातलं बाळ तिच्या काट्यावर चढलं होतं, त्या त्या घराने परसातलं एकेक झाड उपटून आणून दिलं. पौर्णिमेच्या पहाटेपर्यंत आमच्या ओसरीवर एवढे कंद झाले, की मी माझ्याच खोलीत खिडकीतून गेलो.

आता मय्योक्काची एक अट आहे. आमच्याकडे दुधाचे दात पडलेलं पोरही ती सांगेल. मय्योक्का आणि आलं एकाच वेळी पोटात जाऊ द्यायचं नाही, विषबाधा होते म्हणतात. त्यात शास्त्र किती ते डॉक्टर जाणोत, पण आमच्या तीन पिढ्यांत कुणी करून पाहिलेलं नाही. नीलकांती तर अठरा वर्षं गरोदर बायांना हेच सांगत फिरते. आणि मय्योक्कावर प्यायला ठेवला होता कोरा चहा. आमचा कोरा चहा आल्याशिवाय होत नाही. म्हणून तिने आदल्या दिवशी घरातलं आल्याचं बोटही शिल्लक ठेवलं नाही. सगळं पिशवीत भरून शेजारच्या मुदियन्सेकडे देऊन आली, आणि तक्त्यावर माझ्या नावापुढे लाल शाईत लिहिलं: ‘तात्ता: चहा. आलं नाही.’

सकाळी सात वाजता तिठा कसा दिसत होता म्हणून सांगू. बांबूला पाचरंगी झेंडे, दिनुलीने रात्री जागून केलेले कागदी कंदील, तीन चुली, तीन हंडे, आणि या सगळ्यात पांढऱ्याशुभ्र साडीत पदर खोचलेली नीलकांती. पोडिमेणिके खोबरं खवत होती, सेनक कंद सोलत होता, सनुमी तळ्यातून आणलेली कमळाची पानं पुसत होती. एक हजार पानं होती. कंदात हळद पडली आणि उकळी फुटली तसा असा वास सुटला, की समोरून जाणारा एक दुचाकीवाला तिथेच थांबला. त्याला सांगितलं, अजून तीन तास आहेत. तो म्हणाला, थांबतो.

मी माझ्या हंड्यापाशी होतो. दोनशे लिटर पाणी, खाली नारळाच्या झावळ्या. इतक्यात मुदियन्से पिशवी घेऊन आला. बिचारा सज्जन माणूस. त्याने चहाचा हंडा पाहिला, पिशवी पाहिली आणि मनाशी जुळवलं, की मिसी घाईघाईत आलं आपल्याकडेच विसरून गेली. तो ते सोलून, धुऊन घेऊन आला होता. मी त्या वेळी त्याला माझ्या मामाची गोष्ट सांगत होतो. मामाचा हत्ती लग्नाच्या मांडवात शिरला आणि नवरीकडच्यांनी त्याला वरपक्षाचाच समजून ओवाळलं, ती गोष्ट. तिला मध्ये थांबा नाही. हत्तीने सोंड वर केली, मुदियन्सेने पिशवी पुढे केली, मी ती घेतली, उखळात ओतली, मुसळ उचललं. पन्नास वर्षं हातांना सवय आहे. आलं समोर, चहा समोर, मग माझी कशाला गरज? हत्ती मांडवाबाहेर पडेपर्यंत दीड किलो आलं कुटून हंड्यात गेलं होतं. साखर बरी झाली का म्हणून मी वाटीभर पिऊन पाहिलं. तिकडे मीठ बरं झालं का म्हणून सेनकने मय्योक्काचा तुकडा दिला, तोही खाल्ला.

साडेदहाला हामुदुरुवो आले. पहिलं पान बुद्धाला ठेवलं, परित्ताची सूत्रं म्हणून झाली. तोवर रस्त्याला रांग लागली होती. एका बाजूला दोन बस, एक लॉरी, आणि पांढऱ्या कपड्यांतली विहारातून निघालेली माणसं. आरोग्य निरीक्षक रत्नवीर महत्तया, म्हणजे रत्नवीर साहेब, हेही तेवढ्यात मोटारसायकलवरून उतरले. दन्सलला त्यांच्या परवानगीचा कागद लागतो. ते नीलकांतीच्याच कचेरीतले, म्हणून आमच्यावर दुप्पट कडक. मिसीचं म्हणून सोडलं असं उद्या कुणी म्हणायला नको, हे त्यांनी आल्या आल्या दोनदा सांगितलं. नखं तपासली, विहिरीचं पाणी तपासलं, डोक्याला बांधलेली फडकी तपासली. सगळं ठीक. वाढायला सुरुवात झाली.

पहिली पंचवीस-तीस पानं गेली असतील. नीलकांतीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तिने एका म्हातारीच्या हातात पान दिलं, म्हातारीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, आणि नीलकांती तिथेच डाव हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता काय बिघडायचं राहिलंय?

पोडिमेणिके पेले भरायला म्हणून माझ्या हंड्याशी आली. झाकण काढलं. वाफ वर आली. तिने झाकण परत ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘यात काय टाकलंत?’

मी म्हणालो, ‘कुठे काय. आलं.’

असं म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला.

ती खमंग बातमी रांगेच्या शेवटापर्यंत जायला एवढासाही वेळ लागला नाही. पानं हातात घेतलेली माणसं थबकली. कुणी तरी आपलं पान हळूच बाकावर ठेवलं. लॉरीवाला म्हणाला, पुण्य मिळवायचं की मसणात पाठवायचं? रत्नवीर महत्तयांनी शिट्टी वाजवून वाढणं थांबवलं आणि विचारलं, दोन्ही पोटात गेलेलं कुणी आहे का?

मी हात वर केला.

मग जी धावपळ झाली ती माझ्याभोवती. मला खुर्चीवर आंब्याखाली बसवलं. निरीक्षकांनी नाडी धरली. सनुमीला माझ्यावर, तिच्या सीयावर म्हणजे आजोबावर, पहाऱ्याला ठेवलं आणि दर पाच मिनिटांनी विचारायला सांगितलं. ती दर मिनिटाला विचारत होती: सीया, गरगरतंय का? सीया, उलटी येते का? सीया, मी दिसते का? दोनशे माणसं माझ्याकडे टक लावून पाहत होती. आयुष्यात मला इतके श्रोते कधी मिळाले नव्हते आणि नेमकी त्याच दिवशी मला बोलायची बंदी होती.

बरं वाटत नव्हतं ते पोटामुळे नव्हे. समोर नीलकांती होती. डाव खाली ठेवला होता तिने.

रत्नवीर महत्तया तिला म्हणाले, ‘मिसी, दोनच मार्ग आहेत. चहा ओतून टाका, नाहीतर दन्सल बंद करा.’

सेनक हंड्याकडे निघालाही होता. पण हामुदुरुवो शेजारीच उभे होते, आणि पोडिमेणिके पुढे आली. ती म्हणाली, हे अन्न सकाळी हात जोडून मनाने दान केलंय. दिलेलं ते दिलेलं. आता ते मातीत ओतायचं म्हणजे घेणाऱ्याच्या हातातून हिसकावून घेणंच झालं. आणि प्यायला तरी काय देणार? रांग बघा, उन्ह बघा. निरीक्षक म्हणाले, आजी, मला कागदाप्रमाणे वागावं लागतं. कागदावर एक दन्सल, एक ठिकाण, आणि त्या ठिकाणी मय्योक्का आणि आलं दोन्ही आहे. मी सही करू शकत नाही. वेळ मात्र मी देतो. पंधरा मिनिटं.

तिसरं वर्ष. वखारवाल्यांचा माणूस रांगेतच उभा होता, मी त्याला पाहिलं. त्याने नीलकांतीकडे पाहून मान हलवली, वाईट हेतूने नव्हे, पण हलवली.

नीलकांती रस्त्याकडे पाहत राहिली. आम्हाला वाटलं रडते आहे. पण ती मोजत होती. डावीकडून किती येतात, उजवीकडून किती. समोर, रस्त्यापलीकडे, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वेसकचं म्हणून बंद, पुढे लांब पत्र्याची पडवी.

ती म्हणाली, ‘महत्तया, कागद कोरे आहेत का तुमच्याकडे?’

‘आहेत.’

‘मग दुसरा काढा. तो आल्याच्या चहाचा. तिकडे, पलीकडे.’

निरीक्षक म्हणाले, ‘अहो मिसी, लोकांना पाय आहेत. इकडे खातील आणि तिकडे पितील.’

‘ओलांडू देत,’ नीलकांती म्हणाली. ‘कुणी काय घेतलंय ते मला दिसेल.’

आणि तिने पिशवीतून काय काढलं असेल? जांभळं औषध. बाळांच्या तोंडातल्या फोडांना लावतात ते. एक थेंब बोटाला लागला तर आठवडाभर धुतला जात नाही. सुईणीच्या पिशवीत त्याची बाटली असतेच. तिने ते दोन करवंट्यांत ओतलं आणि दोन कापसाचे बोळे केले. नियम एका वाक्यात: इकडे असो वा तिकडे, ज्याने काही घेतलं त्याचा अंगठा जांभळा, आणि जांभळ्या अंगठ्याला दुसऱ्या बाजूला काही मिळायचं नाही.

निरीक्षकांनी डोकं खाजवलं. मग खिशातून पेन काढलं.

पुढचा अर्धा तास मला खुर्चीतून उठू देत नव्हते, याचं दुःख मला अजून आहे. दोनशे लिटरचा उकळता हंडा रस्ता ओलांडून न्यायचा होता. दिनुली आणि तिच्या मैत्रिणींनी दोन्ही बाजूंना झेंडे आडवे धरले. हंड्याच्या कड्यांतून बांबू घातला, सेनक एका टोकाला. दुसऱ्या टोकाला कोण, म्हणून पाहतो तर पिवळ्या बसचा ड्रायव्हर आणि तो लॉरीवाला, मघाशी मसणाची भाषा करणारा. बसमधली सगळी माणसं खाली उतरली आणि एकेक पाऊल मोजायला लागली. एक, दोन, तीन. मधोमध हंडा हिंदकळला, अर्धा पेला चहा रस्त्यावर सांडला, आणि दोनशे माणसांनी एकदम ‘अय्यो’ केलं. असा आवाज मी क्रिकेटच्या मैदानाबाहेर ऐकला नव्हता. हंडा पलीकडे टेकला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. वखारवाल्यांच्या माणसाने पडवीतली बाकं ओढून सरळ लावायला घेतली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग सुरू झालं. मय्योक्का डावीकडे, चहा उजवीकडे. डावीकडे पोडिमेणिके वाढत होती आणि सनुमी अंगठे रंगवत होती, मला वाऱ्यावर सोडून. उजवीकडे सेनक आणि दिनुली. आणि रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडे डोळा ठेवून, नीलकांती. तिचा जो आवाज बाळंतिणीला जोर लाव म्हणून सांगताना वाडीभर ऐकू जातो, तो त्या दिवशी दोन्ही दन्सलांना पुरला.

लोकही कमी नव्हते. एकाने अंगठा मुठीत लपवला. नीलकांती म्हणाली, ‘गुणसेन, तू चार महिन्यांचा असतानाही अंगठा असाच लपवायचास.’ सगळी रांग हसली, त्याने मूठ उघडली. एका बाईने थुंकी लावून पुसायचा प्रयत्न केला, तर अंगठ्याबरोबर ओठही जांभळे झाले. एक नवरा-बायको होते. त्यांनी आपसात वाटून घेतलं: तू तिकडे जा, मी इकडे, संध्याकाळी सांगू एकमेकांना कसं होतं ते. पिवळ्या बसचा ड्रायव्हर मय्योक्का खाऊन हट्टाला पेटला, की हंडा मी उचललाय, चहाचा घोट मला मिळालाच पाहिजे. नीलकांतीने त्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने निरीक्षकांकडे दाद मागितली. निरीक्षक म्हणाले, मिसीपुढे माझंही चालत नाही. शेवटी तिने त्याला साध्या पाण्याचा पेला स्वतः नेऊन दिला, आणि तो तेवढ्यावर खूष होऊन जोरात भोंगा वाजवत गेला. मय्योक्का खाणाऱ्या सगळ्यांनाच मग विहिरीचं पाणी द्यायचं ठरलं. पाणी शेंदायला रांगेतलेच लोक पुढे झाले. कोण आमच्या घरचं आणि कोण रस्त्याने जाणारं, हे बारा वाजल्यानंतर ओळखू येत नव्हतं. फडकी सगळ्यांच्या डोक्याला बांधलेली होती.

मला काही झालं नाही. एक वाजता निरीक्षकांनी परत नाडी पाहिली आणि मला उठायची परवानगी दिली. काय वाटतंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, भूक. पण माझे दोन्ही अंगठे सनुमीने आधीच जांभळे करून ठेवले होते, मला कुठेच काही मिळेना.

चहा दीडला संपला. मय्योक्का तीनच्या पुढे गेला. शेवटचं कमळाचं पान एका सायकलवाल्या माणसाने नेलं. त्याने उभ्या उभ्याच खाल्लं, पान चाटलं आणि कुणाचं दन्सल हे न विचारता पायडल मारून निघून गेला. नीलकांती तो वळणाआड जाईपर्यंत पाहत होती. मग ती उलट्या घातलेल्या हंड्यावर बसली. सकाळी सातपासून पहिल्यांदा.

रत्नवीर महत्तया वही घेऊन आले. त्यांचाही अंगठा जांभळा होता. कुठल्या बाजूचा ते त्यांनी सांगितलं नाही, पण शर्टावर हळदीचा डाग होता. त्यांनी दोन कागद पुढे केले, दोन्हींवर तिची सही घेतली आणि हामुदुरुवोंना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं: मीगहकुंबुर तिठा, दन्सल दोन. हामुदुरुवो हसले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी या तिठ्याच्या दोन्ही बाजू मी याच घराच्या नावाने ठेवतो. वखारवाल्यांना विहिरीचं पाणी देतो, त्यांचा माणूस आज छान पाणी शेंदत होता.

ते गेल्यावर मी नीलकांतीजवळ गेलो. सकाळपासून मनात जुळवलेलं बोलायचं होतं: चूक माझी, वय झालं, वगैरे. पण तिने मला सुरू होऊच दिलं नाही. पदराने कपाळ पुसत ती म्हणाली, ‘तात्ता, मी एकच घालायला निघाले होते. दुसरं तुमचं.’

पोडिमेणिके पलीकडून म्हणाली, ‘तोंडावर सांगू नकोस त्यांना, आता वर्षभर ऐकावं लागेल.’

सोमवारी दवाखान्यात बावीस आया बाळांना घेऊन आल्या. नीलकांती घरी येऊन हसत सांगत होती, वहीत सही करायला एकीने हात पुढे केला आणि सगळ्या आपापले अंगठे दाखवायला लागल्या: मिसी, मी मय्योक्का, मिसी, मी चहा. तेवढ्यात सेनकने विचारलं, व्हॅनची किल्ली कुणी पाहिली का? आणि आम्ही पाचही जण ती शोधायला उठलो.